व्यसन आणि पहिलीचा वर्ग



व्यसनांच्या दुष्परिणामांवर मुलांना एखादे तरी व्याख्यान ऐकावे लागले नाही, असे वर्ष खेड्यातील शाळेत सहसा जात नाही. जागतिक तंबाखूविरोधी दिन 31 मे रोजी येतो आणि त्या वेळी विदर्भातील शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीत असतात. म्हणून पुढे केव्हा तरी, बहुधा गांधीजयंतीच्या निमित्ताने, प्रभातफेरी निघते, घोषणा होतात, परिपाठाच्या वेळी शपथ घेतली जाते. फेरी ज्या रस्त्याने जाते त्याच रस्त्यावर पानठेला असतो. ठेलेवाला खर्रा घोटता घोटता फेरी पाहतो, ओळखीच्या मुलांकडे पाहून हसतो, आणि फेरी पुढे जाते.

या साऱ्या खटाटोपाचा मुलांच्या पुढील आयुष्यावर परिणाम होतो काय, आणि होत असल्यास किती, हा प्रश्न गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत अनेक देशांतील संशोधकांनी मोजमाप करून तपासला आहे. त्यातून निघालेले उत्तर व्याख्याते आणि घोषणा रचणारे यांना फारसे सुखावणारे नाही. प्राथमिक शिक्षकाला मात्र ते विचार करावयास लावील असे आहे. कारण व्यसनाच्या वाटेवर मुलाला अडविण्याचे जे थोडे उपाय खरोखर उपयोगी ठरले, त्यांतील काही त्याच्या वर्गात, त्याच्या फळ्याजवळ आणि त्याच्या स्वतःच्या खिशात आहेत.

प्रथम वयाचा विचार करावा लागतो. व्यसन हा माध्यमिक शाळेचा, किंबहुना महाविद्यालयाचा प्रश्न आहे, अशी प्राथमिक शिक्षकांची सर्वसाधारण समजूत असते. भारत सरकारने 2019 साली 13 ते 15 वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांची जी देशव्यापी तंबाखू-पाहणी केली, तिने ही समजूत पार मोडून काढली. त्या पाहणीत देशातील 8.5 टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. पण त्याहून महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. तंबाखू कधी ना कधी घेतलेल्या मुलांना ती पहिल्यांदा कोणत्या वयात घेतली असे विचारले, तेव्हा मधले वय सिगारेटसाठी साडेअकरा, बिडीसाठी साडेदहा आणि तोंडात धरावयाच्या तंबाखूसाठी 9.9 वर्षे असे निघाले. म्हणजे तोंडात तंबाखू धरलेल्या मुलांपैकी निम्म्यांनी ती दहा वर्षे पुरी होण्याच्या आत चाखलेली होती. दहावे वर्ष म्हणजे चौथी-पाचवीचा वर्ग. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मूल बाहेर पडण्यापूर्वीच पहिली चिमूट तोंडात गेलेली असते.

दिल्ली व चेन्नई येथील 32 शाळांत 2004 साली झालेल्या पाहणीतही असाच एक धक्कादायक प्रकार दिसला होता. आठवीच्या मुलांपेक्षा सहावीच्या मुलांत तंबाखूचा अनुभव घेतलेल्यांचे प्रमाण कमी असावे, ही अपेक्षा. प्रत्यक्षात ते दुपटीहून अधिक निघाले. वय लहान होत चालले आहे, एवढा तरी बोध त्यातून घ्यावाच लागतो.

वाशीम जिल्ह्यातील मुलाला तंबाखूची ओळख करून देण्यासाठी कोणा वाईट संगतीची गरज नसते, हेही मान्य केले पाहिजे. ती घरातच असते. आजोबांच्या चंचीत ती असते, चुन्याच्या डबीशेजारी असते. निंदणाला जाणारी बाई दुपारची भूक मारण्यासाठी चिमूटभर तोंडात टाकते. सकाळी दात घासावयाची मिश्री हीही भाजलेली तंबाखूच असते आणि मुलाचा दात दुखला तर तीच त्याच्या हिरडीवर चोळली जाते. पाहुण्याला तंबाखू मळून पुढे करणे हा शिष्टाचार आहे. अशा वातावरणात वाढलेल्या मुलाला तंबाखू हे विष आहे असे सांगितले, तर त्याच्या डोळ्यांपुढे ऐंशी वर्षांचे, अजून शेताला फेरी मारून येणारे आजोबा उभे राहतात. शिक्षक खोटे बोलतात, असे ते मूल म्हणत नाही. पण मनात ठेवते.

खर्ऱ्याची गोष्ट मात्र आजोबांच्या तंबाखूपेक्षा निराळी आहे, आणि ती शिक्षकांनी नीट समजून घेतली पाहिजे. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना हे प्लॅस्टिकच्या कागदात घालून घोटतात व पुडी बांधून देतात. यातील सुपारी निरुपद्रवी आहे, ती तर पूजेत ठेवतात आणि बडीशेपेत घालतात, असे सुशिक्षित लोकही समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने मात्र 2004 साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात बसविले आहे. सुपारीने गालाच्या आतील मऊ त्वचेत ताठ तंतू निर्माण होतात, गाल लाकडासारखे कडक होत जातात आणि तोंड उघडेनासे होते. या रोगाला वय लागत नाही. तिखट लागताच तोंडाची आग होणे ही त्याची सुरुवात. पोषण आहाराच्या पंक्तीत एखादे मूल भाजीला बोट लावून ती बाजूला सारीत असेल, तर त्यास नखरेल म्हणण्यापूर्वी शिक्षकाने त्याला आपली तीन बोटे उभी जुळवून तोंडात घालावयास सांगावे. निरोगी मुलाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे सहज मावतात. दोनच जात असतील तर त्याला डॉक्टरांकडे नेण्याची वेळ आली आहे. या कसोटीला ना उपकरण लागते, ना खर्च.

आता मुलाच्या मेंदूत काय घडते ते पाहू. स्वित्झर्लंडातील वुल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत माकडांवर काही प्रयोग केले. माकडाच्या तोंडात फळाच्या रसाचा थेंब पडला की मेंदूतील विशिष्ट पेशी उत्तेजित होत आणि डोपामीन नावाचे द्रव्य सोडीत. पुढे शास्त्रज्ञांनी रस देण्यापूर्वी एक खूण दाखविण्यास सुरुवात केली. काही दिवसांनी आश्चर्य असे घडले की, रस मिळताना त्या पेशी शांत राहू लागल्या आणि खूण दिसताच उत्तेजित होऊ लागल्या. खूण दाखवून रस दिलाच नाही, तर त्या नेहमीपेक्षाही मंद पडत. व्यसनाची अर्धी हकिकत यात आली. खर्रा खाणाऱ्याला खर्रा तोंडात असताना जे सुख होते त्याहून अधिक ओढ त्याला पुडीच्या कागदाची चुरचुर ऐकताना लागते. ठेला दिसला, जेवण आटोपले, मित्र भेटला, की खूण झाली. आणि मग वस्तू न मिळाली तर चित्त बेचैन होते. तंबाखू सोडून चार महिने झालेला माणूस बाजाराच्या दिवशी नेमक्या त्याच कोपऱ्यावर का घसरतो, याचे कोडे यातून बरेच उलगडते. त्याचा निश्चय कच्चा होता असे म्हणून मोकळे होण्यात अर्थ नाही.

विचार करणारा, मोह आवरणारा असा मेंदूचा जो पुढचा भाग असतो, त्याची वाढ वयाच्या विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. ओढ निर्माण करणारा भाग मात्र त्यापूर्वीच जोरात आलेला असतो. दहा वर्षांच्या मुलाची बैलगाडी अशी की बैल धष्टपुष्ट आणि वेसण अजून वळावयाची आहे. म्हणूनच लहान वयात लागलेली सवय सुटावयास अधिक जड जाते.

पण ती सुटतच नाही, हेही खरे नाही. व्हिएतनामच्या युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी पुष्कळांना तेथे हेरॉइनची चटक लागली होती. जवळजवळ पाचांतील एकाने आपण त्याच्या आहारी गेल्याचे सांगितले. हे सारे घरी परतल्यावर काय होणार, या चिंतेने अमेरिकेचे सरकार हवालदिल झाले. ली रॉबिन्स या विदुषीने त्या सैनिकांचा पाठपुरावा केला, तेव्हा तेथे आहारी गेलेल्यांपैकी परतल्यावर तीन वर्षांत पुन्हा व्यसनाधीन झालेले फक्त सुमारे 12 टक्के निघाले. रणभूमीवरील त्या खुणा, ती भीती, तो रिकामा वेळ, ती सहज मिळणारी पुडी, हे सर्व मागे राहिले होते. ‘व्यसनी तो व्यसनीच’ असा निकाल गावात सरसकट दिला जातो. शास्त्राचा त्याला आधार नाही.

भारतात मदतीची व्यवस्था मात्र फार तोकडी आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी केंद्र शासनासाठी केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले की, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच कोणत्याही प्रकारचा उपचार मिळालेला होता. त्याच पाहणीतील आणखी एक गोष्ट शिक्षकांनी लक्षात ठेवावी. हुंगावयाची द्रव्ये, म्हणजे पंक्चर काढण्याचे सोल्युशन, व्हाइटनर, पेट्रोल यांसारख्या वस्तू, हा नशेचा असा एकच प्रकार आढळला की, ज्यात मुलांचे प्रमाण मोठ्यांपेक्षा अधिक होते. मुलांत ते 1.17 टक्के, तर मोठ्यांत 0.58 टक्के. या वस्तू कोणत्याही पानठेल्यावर नव्हे, सायकलच्या दुकानात आणि वह्यापुस्तकांच्या दुकानात मिळतात, आणि त्यांना तोंडाचा लाल रंग नसतो. सदऱ्याच्या बाहीला येणारा उग्र वास आणि दुपारच्या सत्रात मुलाचे शून्यात पाहणे, एवढ्याच त्यांच्या खुणा.

कायद्याचे पाठबळ कमी नाही. 2003 च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकण्यास आणि शाळेच्या शंभर यार्डांच्या आत ती विकण्यास मनाई केली. महाराष्ट्र शासनाने जुलै 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली व पुढे तिची मुदत दरवर्षी वाढविली. मुलाला दारू वा तंबाखू देणाऱ्यास 2015 च्या बाल न्याय अधिनियमाने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा सांगितली आहे. हे कायदे चांगले आहेत. त्यांची अंमलबजावणी कशी होते, हे प्रत्येक शिक्षकाला शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहून पाहता येईल. त्यावर येथे अधिक बोलण्याची गरज नाही.

तेव्हा प्रश्न उरतो तो शिकविण्याचा. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात 1983 साली एक मोठा उपक्रम निघाला. गणवेशातील पोलीस वर्गात येत आणि मादक पदार्थांचे भयंकर परिणाम मुलांना समजावून सांगत. पालक खूश, मुख्याध्यापक खूश, पोलीसही खूश. थोड्याच वर्षांत तो देशभर पसरला. पुढे पडताळणी झाली तेव्हा दिसले की, तो उपक्रम घेतलेली आणि न घेतलेली मुले काही वर्षांनी व्यसनाच्या बाबतीत जवळजवळ सारखीच होती. दहा वर्षांच्या मुलाला पन्नासाव्या वर्षी होणाऱ्या कर्करोगाची भीती घालणे म्हणजे त्याला पुढच्या जन्माची भीती घालण्यासारखे आहे.

याउलट दिल्ली-चेन्नईच्या ज्या शाळांचा उल्लेख वर आला, तेथे दोन वर्षे निराळा प्रयोग झाला. मुलांतूनच गटप्रमुख निवडले, त्यांनी आपल्या सोबत्यांबरोबर खेळ, चर्चा, भित्तिपत्रके यांच्या साहाय्याने विषय हाताळला. जाहिराती कशा फसवितात ते शोधले, आग्रह झाल्यास नकार कसा द्यावयाचा याचा सराव केला. ज्या शाळांत हा प्रयोग नव्हता तेथे दोन वर्षांत तंबाखूसेवन 68 टक्क्यांनी वाढले, प्रयोगाच्या शाळांत ते 17 टक्क्यांनी घटले. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांच्या कीर्तनाची रीत विदर्भातील शिक्षकांनी वाडवडिलांकडून ऐकली असेलच. बाबा प्रश्न टाकीत आणि उत्तर श्रोत्यांकडून वदवून घेत. दारूचा, कर्जाचा, पशुबळीचा निकाल श्रोत्यांच्याच तोंडून लागे. स्वतःच्या तोंडून निघालेले उत्तर माणसाला बांधून टाकते, हे त्यांना कोणत्याही पाहणीवाचून उमगले होते.

पण या व्याख्यानाचा मुख्य विषय याहूनही अलीकडचा, म्हणजे पहिलीच्या वर्गाचा आहे.

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील एका शाळेत चौथीचा एक वर्ग अनावर होता. मुले ओरडत, जागा सोडून हिंडत. त्या वर्गाच्या शिक्षिकेने दोन संशोधकांबरोबर एक साधा खेळ योजला आणि 1969 साली तिघांनी मिळून त्याची हकिकत प्रसिद्ध केली. वर्गाचे दोन गट करावयाचे. नियम फळ्यावर लिहावयाचे. खेळ चालू असताना कोणी नियम मोडला तर त्याच्या गटापुढे फळ्यावर एक रेघ. ठरलेल्या मर्यादेच्या आत ज्याच्या रेघा राहतील तो गट जिंकला. दोन्ही राहिल्या तर दोन्ही जिंकले. बक्षीस म्हणजे जेवणाच्या रांगेत पुढे उभे राहणे किंवा थोडा मोकळा वेळ. वर्ग शांत झाला.

हाच खेळ पुढे बाल्टिमोर शहरातील शाळांत 1985-86 साली पहिलीच्या मुलांना देण्यात आला. काही वर्गांत खेळ, काही वर्गांत नेहमीचे अध्यापन, अशी वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने केली होती. शेपर्ड केलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुले विसरली नाहीत. ती 19 ते 21 वर्षांची झाली तेव्हा त्यांना पुन्हा गाठले. नेहमीच्या वर्गांतून गेलेल्या मुलग्यांपैकी 38 टक्क्यांना मादक द्रव्यांच्या व्यसनाचा विकार आयुष्यात जडलेला होता. खेळाच्या वर्गांतून गेलेल्यांत हे प्रमाण 19 टक्के होते. निम्मे! आणि त्या मुलांना पहिलीत व्यसनाविषयी एक अक्षरही सांगितलेले नव्हते.

हे कसे घडले असावे? पहिलीत एक मूल चळवळे, मारकुटे असते. शिक्षक त्याला रागावतात, शेवटी बसवितात, वर्गाबाहेर उभे करतात. सोबती त्याला टाळतात. मग ते आपल्यासारख्याच टाळलेल्या मुलांत मिसळते. पाठ समजत नाही, म्हणून शाळा बुडते. शाळा बुडाली की वेळ घालविण्याची जागा शोधावी लागते, आणि गावात अशा जागा फार नसतात. पाराजवळ, बसथांब्याजवळ, ठेल्याजवळ बसणारी मोठी पोरे त्या मुलाला सामावून घेतात. खेळाने या साखळीची पहिली कडी तोडली. गटाच्या हितासाठी शांत बसताना त्या मुलाला स्वतःला आवरण्याचा रोज सराव झाला, आणि जे सोबती त्याला टाळीत होते तेच त्याला सांभाळून घेऊ लागले, कारण त्याच्या एका रेघेने सर्वांचा डाव जाणार होता. सर्वांत अधिक लाभ सर्वांत अधिक दंगेखोर मुलांना झाला, ही गोष्ट या तर्काशी जुळते. मुलींत असा ठळक फरक दिसला नाही.

येथे थोडे सावधही राहिले पाहिजे. पुढील वर्षी ज्या मुलांच्या वर्गांत तोच खेळ चालला, पण शिक्षकांना मार्गदर्शन कमी मिळाले, तेथे परिणाम फिका पडला. इंग्लंडात 2018 साली अहवाल निघालेल्या एका मोठ्या प्रयोगात तर वाचनावर किंवा वर्तनावर एकंदरीत काही फरक आढळला नाही. अर्थात तेथे मुले वयाने मोठी होती. खेळ म्हणजे मंत्र नव्हे. जो शिक्षक तो नेमाने, न चिडता चालवील त्याच्याच हाती तो फळतो.

वाशीमच्या खेड्यात हा खेळ चालविण्यास अडचण ती कोणती? दोन शिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एकत्र बसत असेल तरी चालेल. पैनगंगा, अडाण आणि अरुणावती अशी नद्यांची नावे देऊन तीन गट करावेत. दंगा करणारी मुले तिन्ही गटांत वाटून टाकावीत, तशीच अबोल मुलेही. नियम चार पुरेत: काम शांतपणे करू, एकमेकांशी नीट बोलू, विचारून उठू, सांगितलेले ऐकू. आरंभी आठवड्यातून तीन दिवस, दहा-दहा मिनिटे. रेघ ओढताना शिक्षकाने रागाचा शब्दही काढू नये, मुलाचे नाव घेऊन हिणवू नये. फक्त कोणता नियम मोडला ते सांगावे. चारपेक्षा अधिक रेघा झाल्या नाहीत तो गट जिंकला. बक्षीस पैशाचे नसावे. मधल्या सुट्टीला पाच मिनिटे आधी सोडणे, एक गोष्ट अधिक सांगणे, घंटा वाजविण्याचा मान, एवढ्यावर सहा वर्षांचे मूल जग जिंकल्यासारखे आनंदते. पुढे वेळ वाढवावी, बक्षीस लांबवावे, आणि शेवटी न सांगता खेळ सुरू करावा. हजेरीवहीच्या कोपऱ्यात रोजच्या रेघा टिपून ठेवल्या तर दोन महिन्यांत शिक्षकालाच फरक दिसेल.

गावाच्या पातळीवर काय घडू शकते याचे उदाहरण आइसलँड या छोट्या देशाने दिले आहे. तेथे 1998 साली 15-16 वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुले मागील महिन्यात दारू पिऊन झिंगलेली असत. 2016 साली हे प्रमाण 5 टक्के झाले. तेथील लोकांनी भीतीची व्याख्याने जवळजवळ बंद केली. शाळा सुटल्यानंतरचा वेळ खेळ, संगीत, तालीम यांनी भरला, आणि पालकांना मुलांबरोबर अधिक वेळ काढावयास लावले. वाशीमच्या गावांत कबड्डीचे मैदान आणि भजनी मंडळ यांसाठी आइसलँडकडे पाहण्याचे कारण नाही. फक्त शाळा सुटल्यावर ते मैदान रिकामे असते की भरलेले, एवढे पाहावे. ते रिकामे असेल तर मुले हातातील मोबाइलवर खेळतात, आणि काही खेळांची रचना पुढे काय मिळेल याचा भरवसा नसल्याने सतत हात चालविण्यास भाग पाडणारी असते. शुल्ट्झच्या माकडांची खूण येथेही आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या ज्या नव्या यादीचा अंमल 2022 साली सुरू झाला, तिच्यात अशा खेळांच्या व्यसनाला विकार म्हणून स्थान मिळाले आहे.

घरची परिस्थिती हा विषय शिक्षकाच्या हातचा नाही. पण ती माहीत असणे त्याच्या हातचे आहे. कॅलिफोर्नियातील साडेनऊ हजारांहून अधिक प्रौढांच्या अभ्यासातून 1998 साली असे पुढे आले की, ज्यांच्या बालपणी मारहाण, अवहेलना, घरात दारू, आईला होणारी मारझोड अशा प्रकारच्या चार किंवा अधिक आपत्ती घडल्या होत्या, त्यांना पुढे दारूचे वा अन्य द्रव्यांचे व्यसन लागण्याचा आणि आत्मघाताच्या प्रयत्नाचा धोका अशी एकही आपत्ती न घडलेल्यांच्या चौपट ते बारापट होता. रात्री बापाने घर डोक्यावर घेतले असेल, तर सकाळी ते मूल गृहपाठ करून येत नाही. त्याच दिवशी शिक्षकाची छडी त्याच्या वाट्याला आली, तर दोन घरे झाली आणि दोन्ही सारखीच झाली. गृहपाठ का झाला नाही हे चारचौघांत न विचारता मधल्या सुट्टीत विचारणे, एवढा फरकही अशा मुलाला पुरेसा जाणवतो.

आता शेवटची आणि थोडी अवघड गोष्ट. शिक्षकाने पट मांडला, खेळ घेतला, शपथ दिली, आणि दुपारी चौथीच्या मुलाच्या हातावर पैसे ठेवून त्याला ठेल्यावर धाडले, तर त्या मुलाने त्या दिवशी काय शिकले? ‘गुरुजींची पुडी’ म्हटले की ठेलेवाला मुलाला निमूटपणे माल देतो. अठरा वर्षांखालील मुलाला विक्री करण्याचा गुन्हा तो करतो. पण त्याला तो करावयास लावणारा कोण, हे सर्व गावाला ठाऊक असते. असे शिक्षक थोडे असतील. ते आहेत, हे मात्र नाकारता येणार नाही.

अशा शिक्षकांची निंदा करून काही साधत नाही, हेही संशोधनाने दाखविले आहे. नवी मुंबईतील हीलिस सेखसरिया संस्थेचे डॉ. प्रकाश गुप्ता, डॉ. मंगेश पेडणेकर आणि अमेरिकेतील ग्लोरियन सोरेन्सन यांनी बिहारमधील 72 शासकीय शाळांत 2009 ते 2011 या काळात शिक्षकांसाठीच एक उपक्रम राबविला. ‘तंबाखूमुक्त शिक्षक, तंबाखूमुक्त समाज’ हे त्याचे सूत्र. बाहेरून वक्ते आणले नाहीत. मुख्याध्यापक आणि शिक्षकांतूनच निवडलेला एक सहकारी महिन्याला एक विषय घेऊन शिक्षकांच्या खोलीत चर्चा करीत. तंबाखू शाळेच्या आवारात येऊ द्यावयाची नाही असा नियम शाळेने स्वतः केला. सोडू इच्छिणाऱ्याला सोडण्याची रीत शिकविली. उपक्रम संपताच विचारले, तेव्हा तंबाखू घेणाऱ्या शिक्षकांपैकी 50 टक्के शिक्षक मागील तीस दिवस तंबाखूशिवाय राहिले होते. जेथे उपक्रम नव्हता तेथे 15 टक्के. नऊ महिन्यांनंतर पुन्हा पाहिले, तेव्हा सलग सहा महिने तंबाखू न घेतलेले एकीकडे 19 टक्के आणि दुसरीकडे 7 टक्के होते. पन्नासाचे एकोणीस झाले, हे दुःखद वाटेल. पण पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असलेल्या शंभर माणसांतील एकोणीस माणसे अर्धे वर्ष कोरडी राहणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. बिहारच्या शिक्षकांना जे जमले ते वऱ्हाडच्या शिक्षकांना केंद्राच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास राखून ठेवल्यास का जमू नये?

सोडणाऱ्याने कसे सोडावे, याविषयी थोडे व्यवहाराचे. दिवस ठरवावा आणि तो सहकाऱ्यांना सांगावा. डबी व पुडी घरातून काढून टाकावी. पहिले तीन-चार दिवस अंग मोडून येते, चिडचिड होते, झोप लागत नाही; ही निकोटिन उतरत असल्याची लक्षणे आहेत, आजाराची नव्हेत, आणि दोन-चार आठवड्यांत ती ओसरतात. तलफ आली की ती काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ पाणी, बडीशेप, लवंग यांवर काढावा, मात्र सुपारी तोंडात घालू नये. नेहमीचा ठेला लागणार नाही अशा वाटेने काही दिवस शाळेत जावे. घसरल्यास सर्व गेले असे न समजता दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मोजणी सुरू करावी. शासनाच्या तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा क्रमांक 1800 11 2356 हा असून अन्य मादक पदार्थांसाठी 14446 हा क्रमांक आहे. दोन्ही निःशुल्क आहेत. दारू सोडणाऱ्याने मात्र, ती रोजची आणि फार असल्यास, एकदम व एकट्याने सोडू नये. त्यात झटके येण्याचा व भ्रम होण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

आणि एखाद्या मुलाच्या दप्तरात पुडी सापडली तर? ती परिपाठाला सर्वांपुढे दाखवू नये. मुलाला एकट्याला बसवून, ती कोणी दिली, केव्हा खावीशी वाटते आणि खाल्ल्यावर कसे वाटते, हे तीन प्रश्न शांतपणे विचारावेत व उत्तर मध्येच तोडू नये. तोंडाची तीन बोटांची तपासणी करावी. त्याच आठवड्यात आईला भेटावे, शक्यतो शाळेत न बोलाविता घरी जाऊन. आणि ते मूल दुसऱ्या दिवशीच्या गटात नेहमीच्याच जागी बसेल याची काळजी घ्यावी.